आधी कठडा, मग फरशी

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

लॉस एंजेलिसच्या किंवा सॅन होजेच्या विमानतळावर दिवसाउजेडी उतरण्याचा योग आला, तर शेवटची दहा मिनिटं खिडकीतून खाली जरूर पाहा. मैलोन्‌मैल पसरलेली बैठी घरं दिसतात आणि त्यांच्या मागे जागोजागी निळे ठिपके. काही चौकोनी, काही गोल, काही चक्क काजूच्या आकाराचे. हे खासगी पोहण्याचे तलाव. आपल्याकडे परसात विहीर असायची, तसा तिकडे परसात तलाव असतो. वरून पाहताना सगळे कालच बांधल्यासारखे वाटतात. पण त्यांतले पुष्कळसे साठी गाठलेले आहेत आणि अशा साठीतल्या तलावांच्या डागडुजीबद्दल मी आज बोलणार आहे.

ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथल्या माणसाला या विषयाशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण आज पुण्या-ठाण्या-नाशिकच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे स्थायिक झाली आहेत. आई-वडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात, नातवंडं सांभाळतात. ज्या घरामागे असा तलाव आहे, तिथे तो नातवंडापासून दहा पावलांवर असतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

माझ्या मुलीनं आणि जावयानं २०२२ साली सॅन होजेमध्ये एक जुनं घर घेतलं. पूर्वी त्या सगळ्या भागात जर्दाळूच्या आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. महायुद्धानंतर बागा गेल्या, वसाहती आल्या. त्यांचं घर १९६२ चं आणि घरामागचा तलाव १९६४ चा. बत्तीस फूट लांब, सोळा फूट रुंद, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला आठ फूट खोल. गिलाव्यावर डाग पडलेले, काठाच्या फरशा हललेल्या, पंपाचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. मी जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधलेला स्थापत्य अभियंता, त्यामुळे मुलगी म्हणाली, “बाबा, कंत्राटदार नेमायच्या आधी तुम्हीच एकदा बघा.”

हे तलाव एवढ्या संख्येनं झाले कसे, ते थोडक्यात सांगतो. कारण दुखणं समजायचं तर जन्म ठाऊक हवा. पूर्वी असा तलाव म्हणजे लाकडी साचे उभारून काँक्रीट ओतायचं, म्हणजे श्रीमंतांचंच काम. मग गनाइट आलं. वाळू-सिमेंटचं कोरडं मिश्रण हवेच्या दाबानं नळीतून सोडायचं, नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळायचं आणि खड्ड्यात बांधलेल्या सळयांवर ते फवारायचं. साचा नको, म्हणून हवा तो आकार देता येतो. गंमत म्हणजे हे यंत्र शोधणारे कार्ल एकली अभियंता नव्हते. संग्रहालयासाठी मृत प्राण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती उभ्या करणारे ते कारागीर. शिकागोच्या संग्रहालयाच्या पडक्या दर्शनी भिंतीची डागडुजी करायला त्यांनी ही युक्ती काढली आणि १९११ मध्ये तिचं पेटंट मिळालं. पुढे १९४८ मध्ये उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात डॉनेल कुटुंबाच्या बागेत काजूच्या आकाराचा एक तलाव केला. त्याची छायाचित्रं मासिकांतून घरोघर पोचली आणि मध्यमवर्गालाही परसात तसा तलाव हवासा वाटू लागला. पन्नास आणि साठच्या दशकांतली ती लाट. तिच्यातले तलाव आज म्हातारे झाले आहेत.

आता तपासणीकडे येऊ. आपण माठ विकत घेताना बोटानं वाजवून बघतो ना, तसाच जुना तलाव वाजवून बघायचा असतो. आतला पांढरा गिलावा म्हणजे पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड, जाडी जेमतेम अर्धा इंच. त्याचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं. काठीच्या टोकानं ठोकत गेलं, की जिथे गिलावा मूळ काँक्रीटपासून सुटलेला असतो तिथे बद्द आवाज येतो. केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा असतील तर त्या गिलाव्याच्या, त्यांची चिंता नाही. पण तलावाच्या वरच्या कडेला समांतर जाणारी, बोटाचं नख आत शिरेल अशी भेग दिसली की थांबायचं. आमच्या तलावाला अशी भेग होती. कारण शोधायला वेळ लागला नाही. तलावाभोवतीची काँक्रीटची पडवी आणि तलावाची कड यांच्यामध्ये रबरासारख्या मसाल्यानं भरलेली एक फट सोडलेली असते. कुणीतरी मधल्या काळात ती सिमेंटनं बुजवून टाकली होती. खालची माती चिकण, म्हणजे आपल्या काळ्या मातीची चुलत बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. माती फुगली की पडवी सरकते आणि मध्ये फट नसेल तर तलावाच्या कडेला धक्का देते. काळ्या मातीत बांधलेल्या घरांच्या भिंती कशा तडकतात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

तलाव गळतो की नुसतंच पाणी वाफ होऊन जातं, हे कळायला एक बिनपैशाची परीक्षा आहे. एक बादली पाण्यानं भरून तलावाच्या पायरीवर ठेवायची, म्हणजे ती अर्धी बुडेल. बादलीच्या आतल्या पाण्याची आणि बाहेरच्या तलावाच्या पाण्याची पातळी खूण करून ठेवायची आणि चोवीस तासांनी बघायचं. दोन्ही सारखी उतरली तर उन्हाचं काम; तलावाची जास्त उतरली तर गळती. या मापाच्या तलावातून पाव इंच पाणी उडालं तरी दिवसाला तीनशे लिटर होतात. तिथल्या उन्हाळ्यात एवढं सहज उडतं, म्हणून वर झाकण घालण्याइतकी पाणी वाचवणारी दुसरी गोष्ट नाही. लास व्हेगासच्या परिसरात तर २०२२ च्या सप्टेंबरपासून नव्या घरगुती तलावांचं पृष्ठफळ सहाशे चौरस फुटांच्या वर नेता येत नाही.

तलाव रिकामा करणं ही सगळ्यांना सोपी वाटणारी आणि प्रत्यक्षात सगळ्यात जोखमीची पायरी. आमच्या तलावात सुमारे साडेबाहत्तर हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे साडेबाहत्तर टन. काँक्रीटच्या नुसत्या कवचाचं वजन, माझ्या हिशेबानं, पस्तीस टनांच्या आत-बाहेर. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी कवचाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढलं तरी ते रिकाम्या तलावाला खालून उचलायला पुरेसं होतं. भरलेली होडी पाण्यात खोल बसते आणि रिकामी वर येते, तसाच हा प्रकार. आख्खा तलाव जमिनीतून वर आला, नळ तुटले, पडवी फाटली, असं खरोखर घडतं. आपल्याकडेही पावसाळ्यात जमिनीखालची टाकी रिकामी ठेवू नये म्हणतात, त्याचं कारण हेच. एका कंत्राटदारानं जानेवारीत काम करा, सूट देतो, असं सुचवलं होतं. तो २०२३ चा जानेवारी. कॅलिफोर्नियात एकामागून एक वादळी पाऊस कोसळत होते. मी म्हटलं, सूट राहू द्या, आपण ऑगस्टपर्यंत थांबू. रिकामा केल्यावरही पहिलं काम तळाला भोक पाडून खालचं पाणी वर येतंय का, ते बघण्याचं.

जाता जाता सांगतो. १९७६ आणि ७७ साली कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला आणि लोकांनी तलाव कोरडे ठेवले. सांता मोनिका भागातली पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या कोरड्या, गोलसर भिंतींवर चाकांच्या फळ्या चालवायला लागली. आज ऑलिंपिकमध्ये जे स्केटबोर्डिंग दिसतं, त्यातल्या बऱ्याचशा करामती त्या कोरड्या तलावांत जन्मल्या.

आता मुद्द्याचं. तीन कंत्राटदारांनी अंदाजपत्रकं दिली. रंगीत दिवे, धबधबा, काठावर इटालियन फरशी, उथळ पाण्यात आरामखुर्ची टाकता येईल असा ओटा. छापील चित्रं इतकी देखणी, की जावई हरखून गेला. पण तिन्ही कागदांत मिळून कुंपणाचा उल्लेख एकदाच आणि तोही शेवटच्या ओळीत, ‘ऐच्छिक’ असा. एकानं तर, कुंपणानं दृश्य बिघडतं, असं तोंडावर सांगितलं. घरात अडीच वर्षांचा नातू. स्वयंपाकघराचं सरकतं काचेचं दार थेट तलावाकडे उघडतं. दारापासून पाण्यापर्यंत माझी अकरा पावलं, त्याची फार तर पंचवीस.

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं पूर्वी कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या राज्यांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या तलावातल्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यातली दोन वाक्यं मला विसरता येत नाहीत. १०० पैकी ६९ मुलं त्या वेळी तलावाजवळ असतील, असं घरात कुणाला वाटलेलंच नव्हतं. आणि ७७ मुलं अपघाताच्या आधी पाच मिनिटांच्या आत कुणाला ना कुणाला दिसली होती. म्हणजे दुर्लक्ष करणारे आई-बाप असतात, असं नाही. फोन येतो, कुकरची शिट्टी होते, आजोबांना वाटतं आजीजवळ आहे, आजीला वाटतं आजोबांजवळ आहे. सिनेमात माणूस हातपाय मारून ओरडतो. लहान मूल आवाजसुद्धा न करता बुडतं.

जुन्या तलावांची खरी अडचण इथे आहे. ते बांधले त्या काळात घराच्या तिन्ही बाजूंनी हद्दीचं कुंपण असायचं आणि चौथी बाजू म्हणजे घराची भिंत. शेजारचं पोर आत येऊ नये, एवढीच चिंता. घरातल्या पोराचं काय, हा प्रश्न त्या आखणीत नव्हता. चारी बाजूंनी तलाव घरापासून तोडणारं कुंपण असेल, तर तिन्ही बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत लहान मुलांच्या बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो, असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. नियम झाले, पण जुन्या तलावापर्यंत ते आपणहून पोचत नाहीत. कॅलिफोर्नियात २०१८ पासून असा कायदा आहे, की घरचा तलाव नव्यानं बांधायला किंवा त्याचं नूतनीकरण करायला परवाना काढला, की सात सुरक्षा उपायांपैकी किमान दोन करावेच लागतात. कुंपण, काढता येणारं जाळीचं कुंपण, मजबूत झाकण, दाराची घंटा, आपोआप बंद होणारं दार, पाण्यात पडताच वाजणारी घंटा, वगैरे. मेख ‘परवाना काढला’ या शब्दांत आहे. नुसता गिलावा बदलायला कित्येक ठिकाणी परवाना मागतच नाहीत. मग साठ वर्षांचा तलाव नवी रंगरंगोटी करून, तसाच बिनकठड्याच्या विहिरीसारखा आणखी पंधरा वर्षं उघडा राहतो. म्हणून मी मुलीला म्हटलं, परवाना काढायचाच आणि पहिला खर्च कुंपणाचा. फरशी नंतर. जावयाला आधी ते पटलं नाही. त्याच्या मते पाण्यात वाजणारी घंटा पुरेशी होती. माझं त्यावर मत असं, की घंटा माणसं बंद करून ठेवतात. पाहुणे आले की बंद, बॅटरी संपली की बंद. शिवाय ती वाजते तेव्हा मूल पाण्यात पडलेलं असतं. शेवटी चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आणि काचेच्या दाराला घंटा, असे दोन उपाय ठरले. कुंपण पाच फूट उंच, जमिनीपासून दोन इंचांपेक्षा जास्त फट नाही, मध्ये कुठेही लहान मुलाचं डोकं जाईल एवढी जागा नाही. फाटक तलावाच्या बाहेरच्या दिशेनं उघडतं आणि सोडलं की आपोआप मिटून कडी पडते. कडी मोठ्या माणसाच्या छातीच्या वर.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या तलावाच्या तळाशी एकच सपाट जाळी असते आणि तिच्यातून नळ सरळ पंपाला जातो. आठ इंच व्यासाची जाळी पोटानं किंवा पाठीनं पूर्ण झाकली गेली आणि पंप ओढतच राहिला, तर अर्ध्या वातावरणाइतक्या दाबातसुद्धा दीडशे किलोहून जास्त ओढ तयार होते. २००२ साली व्हर्जिनिया राज्यात ग्रीम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशीच गेली. परराष्ट्रमंत्री राहिलेले जेम्स बेकर यांची ती नात. चांगली पोहणारी होती. गरम पाण्याच्या टाकीच्या तळातल्या जाळीनं तिला धरून ठेवलं आणि सोडवायला दोन मोठी माणसं लागली. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. त्यानुसार सार्वजनिक तलावांना सुरक्षित झाकणं बसवावी लागतात आणि बाजारात विकलं जाणारं प्रत्येक झाकण त्या प्रतीचं असावं लागतं. पण तुमच्या परसात साठ वर्षांपूर्वी बसवलेली जाळी कुणी तपासायला येत नाही. आम्ही ती काढून तीन फुटांपेक्षा जास्त अंतरावर दोन तोंडं केली, एकाच नळाला जोडलेली. एक झाकलं गेलं तरी दुसरं पाणी देतं. वर घुमटासारखी फुगीर झाकणं. या झाकणांवर त्यांचं आयुष्य छापलेलं असतं, औषधाच्या बाटलीसारखं, आणि ते संपलं की बदलायची.

विजेबद्दल दोनच वाक्यं. पाण्यातला जुना दिवा १२० व्होल्टचा होता, तो काढून १२ व्होल्टचा बसवला, आणि सळया, शिडी, पंप असे सगळे धातूचे भाग तांब्याच्या जाड तारेनं एकमेकांना जोडले आहेत की नाहीत, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेतलं. आपल्या घरातल्या आरसीसीबीसारखं, गळती होताच प्रवाह तोडणारं उपकरण बर्कलीच्या चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकांनी १९६१ मध्ये तयार केलं. आमचा तलाव त्यानंतरचा असूनही ते त्याला नव्हतं.

पंप बदलला, कारण जुना सतत एकाच वेगानं धावायचा. नवे पंप कमी-जास्त वेगानं चालतात. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज तत्त्वतः एक अष्टमांशच लागते. दुप्पट वेळ चालवला तरी वीज चौथाई. २०२१ च्या जुलैपासून अमेरिकेत नव्या पंपांना कार्यक्षमतेची अट आहे, त्यामुळे बहुतेक घरगुती तलावांसाठी आता असेच पंप मिळतात.

तलाव बुजवून का टाकला नाही, असं माझ्या पत्नीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेही करता येतं. तळाला भोकं पाडायची, वरची कड फोडायची, भराव टाकून थराथरानं दाबायचा. फक्त तशी नोंद ठेवावी लागते आणि घर विकताना सांगावं लागतं. आमच्याकडे मुलीला पोहायची आवड, म्हणून तो बेत मागे पडला. मात्र आठ फुटांचं खोल टोक आम्ही भरून पाच फुटांवर आणलं. सूर मारायची फळी तर कधीच काढली होती. आठ फूट खोली तिला तशीही अपुरी.

गिलावा सगळ्यात शेवटी आला. जुना पूर्ण तासून काढला, गंजलेल्या सळया साफ केल्या, भेग उघडून भरली, पडवीशी फट पुन्हा मोकळी केली. नवा गिलावा बारीक गोट्यांचा घेतला, कारण तो जास्त टिकतो. आपल्याकडे गिलाव्याला पाणी मारतात; इथे गिलावाच पाण्यात बुडवून ठेवतात. एकदा नळी सोडली की तलाव काठोकाठ भरेपर्यंत ती बंद करायची नाही, नाहीतर जिथे थांबला तिथे कायमची रेघ उमटते. आम्ही दोन रात्री पाळीपाळीनं जागलो. पुढचा महिनाभर जावई रोज सकाळी लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती घासायचा.

ज्यांना तिकडे जायचं आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं, की पोचल्यावर एकदा तलावाचं फाटक स्वतः उघडून बघा. पूर्ण उघडून सोडा, मग वीतभर उघडून सोडा. वीतभर उघडल्यावर पुरेसा वेग मिळत नाही, तेव्हाच कडी अडकते. कुंपणाला लागून खुर्ची, कुंडी, तीनचाकी सायकल, यांपैकी काहीही ठेवू देऊ नका. त्यावर चढून पाच फूट चढता येतात. खेळणी तलावात तरंगत ठेवू नका. आणि दोघांपैकी कोण बघतंय, हे रोज तोंडानं ठरवा. आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात पाऊस लागला, माती फुगली आणि फाटकाचा एक खांब किंचित कलला. फाटक आपोआप मिटेनासं झालं. जावयानं त्याच संध्याकाळी बिजागरीची स्प्रिंग दोन आटे आवळली, आणि दुसऱ्या दिवशी खांब सरळ करून घेतला.